कारण मागाहून कळवीन

कृष्णकांतला खोटं वाक्य लिहिता येत नसे. सचोटीचा वगैरे प्रश्न नव्हता. गप्पा मारताना तो चार गोष्टी वाढवून सांगायचा. पण वहीत पेनाने लिहायचं म्हटलं की ते खरंच असलं पाहिजे, ही खोड त्याला बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेने लावली होती. त्यामुळे स्पॅनिश शिकताना त्याची फार पंचाईत व्हायची. पुस्तिकेत असायचं, ‘माझ्या काकांकडे तीन घोडे आहेत,’ हे वाक्य पाच वेळा लिहा. कृष्णकांतचे काका पुलगावला राहायचे आणि त्यांच्याकडे एक सायकल होती, तीही बिनब्रेकची. ‘ब्रेक’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते पुस्तिकेत नव्हतं. मग त्याने लिहिलं, ‘माझ्या काकांकडे एक सायकल आहे. ती थांबत नाही.’ पाच वेळा.

आता वर्धा जिल्ह्यातल्या मुलाने १९८१ साली स्पॅनिश कशासाठी शिकावं, हा प्रश्न नालवाडीतल्या झाडून सगळ्या शेजाऱ्यांनी त्याच्या वडिलांना विचारून झाला होता. अण्णाजी जिल्हा कचेरीत नकला विभागात होते. ते शांतपणे सांगायचे, “त्यांचं उत्तर लवकर आलं.”

आणि ते अक्षरशः खरं होतं. कृष्णकांतला शॉर्टवेव्ह रेडिओचा नाद होता. दूरदेशीचं केंद्र लागलं की तो वेळ, फ्रीक्वेन्सी, आवाज किती स्पष्ट, खरखर किती, सगळं टिपून त्या केंद्राला पाठवायचा. केंद्रं त्याबद्दल आभाराचं चित्रकार्ड पाठवत. त्याने सात केंद्रांना लिहिलं होतं. स्पेनमधल्या केंद्राचं उत्तर एकोणचाळीस दिवसांत आलं, आणि कार्डासोबत इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारी एक पुस्तिका आली: भाग पहिला, धडे एक ते अठरा. इतक्या तत्परतेने उत्तर देणाऱ्यांची भाषा शिकणं हे त्याला साधं सौजन्य वाटलं.

ती पुस्तिका आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन तो ऑक्टोबरात रोहण्याला आला. रोहणा–आर्वी रस्त्यालगत एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून बी वेगळं काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात कापूस खरेदीचं केंद्र होतं, आणि तिथे त्याला शिकाऊ ग्रेडर म्हणून नोकरी लागली होती. शिकाऊपण संक्रांतीपर्यंत. संक्रांत झाली की केंद्रप्रमुख बंडोपंत वर अहवाल पाठवणार, आणि त्या अहवालात एक ओळ कृष्णकांतची: कायम करावे, किंवा करू नये. अण्णाजींना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि घरात पाठच्या दोन बहिणी होत्या. याबद्दल घरी कोणी काही बोलत नसे. फक्त पत्राच्या शेवटी अण्णाजी न चुकता लिहीत, ‘संक्रांत जवळ येत आहे.’

ग्रेडरचं काम सांगायला सोपं. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून आणतो. ग्रेडरने त्यात हात घालून सांगायचं: वाण कुठला, धागा किती लांब, प्रत कुठली, ओल किती. त्यावर गाडीचा भाव ठरतो. मग कापूस काट्यावर चढतो आणि तिथून आवारातल्या गंजीवर पडतो. गंजी म्हणजे दोन माणसं उंचीचा कापसाचा ढीग, वरून ताडपत्री. जिनाची पाळी आली की गंजी आत जाते. रुई वेगळी, सरकी वेगळी.

हे काम केंद्रावरचे जुने ग्रेडर चंद्रभानजी अर्ध्या मिनिटात करायचे. साठीला आलेला वाळका माणूस, डोक्याला पांढरं मुंडासं, चष्मा नाही. गाडीभोवती एक चक्कर मारायचे, कोपरापर्यंत हात खुपसायचे, आतली मूठभर बाहेर काढायचे, दाबायचे, सोडायचे, दोन चिमटींत धागा ओढायचे, मग मूठ पार चेहऱ्याशी नेऊन बारीक डोळ्यांनी पाहायचे आणि बोलून मोकळे व्हायचे.

“एच-फोर. वरची प्रत. घ्या.”

किंवा, “पाणी हाय याच्यात. बापू, पसरव थे उनात, अन् उद्या येजो.”

“कसं कळलं?” कृष्णकांतने पहिल्याच दिवशी वही काढून विचारलं होतं.

“हाताले समजते,” चंद्रभानजी म्हणाले.

“म्हणजे नेमकं काय समजतं? गार लागतं? चिकट लागतं?”

“समजते म्हंजे समजते. तुले भूक लागली हे कसं समजते?”

एवढ्यावर रसायनशास्त्राच्या पदवीधराचं समाधान होणं शक्य नव्हतं. त्याने स्वतःची पद्धत बसवली. प्रत्येक गाडीतून तो चिमूटभर कापूस कागदी पुडीत घ्यायचा, वर गाडीचा नंबर घालायचा. धागा काळ्या पुठ्ठ्यावर ठेवून पट्टीने मोजायचा. संध्याकाळी खोलीवर प्रत्येक पुडी तोलायची, चुलीच्या उबेला डब्यात वाळवायची, पुन्हा तोलायची. फरक म्हणजे ओल. टक्क्यात, एका दशांश स्थळापर्यंत. अचूक होतं सगळं. दोष एकच होता: दर गाडीला आठ मिनिटं लागायची, आणि ओलीचा आकडा दुसऱ्या दिवशी मिळायचा.

“तोवर गाडी घरी, बैल गोठ्यात, अन् शेतकरी जेवून झोपलेला,” बंडोपंत म्हणाले. बंडोपंत मूळचे नागपूरचे, अंगाने भरलेले, आणि त्यांच्या टेबलावर इतकी रजिस्टरं असायची की पलीकडून फक्त त्यांची टोपी दिसे. “कृष्णकांतराव, बाहेर बघा. रांग पुलापर्यंत गेली. मी वर काय लिहू? उमेदवार हुशार आहे, पण पुड्या बांधतो?”

डिसेंबर लागताच त्यांनी पुड्या बंदच केल्या. “हातानं जमत असेल तर करा. नाहीतर संक्रांतीला काय लिहायचं ते मला माहीत आहे.”

पुड्या बंद झाल्या त्याच आठवड्यात रेडिओवर स्पॅनिशचा एकोणिसावा धडा लागला. तो कृष्णकांतच्या पुस्तिकेच्या पलीकडचा होता. दुसरा भाग अजून यायचा होता. पहाटे पावणेसहाची वेळ, थंडीने ट्रान्झिस्टरची पट्टीसुद्धा गार पडलेली. शिकवणाऱ्या बाईंनी त्या दिवशी एकच क्रियापद घेतलं. इंतुईर. यो इंतूयो, एल इंतूये. अर्थ त्यांनी सावकाश दोनदा सांगितला: कारण हातात नसताना एखादी गोष्ट आतून कळणे. मग गृहपाठ: या क्रियापदाची तीन वाक्यं करा, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली, त्यातलं निदान एक ‘मी’चं, आणि पोस्टाने पाठवा. बरोबर वाक्यांना पुस्तिकेचा दुसरा भाग भेट.

कृष्णकांतला ते क्रियापद अजिबात पटलं नाही. कारणाशिवाय कळतं ते कळणं नव्हेच, तो अंदाज. अंदाजाला क्रियापद कशाला पाहिजे? तरी त्याने वही उघडली. पहिलं वाक्य लगेच झालं, ‘चंद्रभानजींना आतून कळतं.’ दुसरं, ‘आईला आतून कळतं,’ हेही खरं होतं. तो घरी येणार त्या दिवशी, त्याने कळवलेलं नसतानाही, ती एक भाकरी जास्त टाकायची. तिसऱ्याशी येऊन पेन थांबलं. ‘मला आतून कळतं.’ काय कळतं? कधी कळलं? बावीस वर्षांत एक तरी प्रसंग? त्याने बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे ती ओळ कोरी ठेवली.

सकाळच्या चहाला त्याने चंद्रभानजींना हे सांगितलं. जिनाच्या दाराशी विमलाबाई चुलाण्यावर चहा ठेवायच्या. त्या गंजीवर काम करणाऱ्या बायांच्या मुकादम होत्या. आवाज असा की काट्यावरचा माणूस दचकून आकडा चुके.

“आपल्यात बी हाय ना थे,” चंद्रभानजी म्हणाले. “चाहूल लागते.”

“तेच तर,” कृष्णकांत म्हणाला. “आपल्याकडे चाहूल लागते. जशी ठेच लागते, उचकी लागते. आपण काही करत नाही, ती आपली येऊन लागते. त्यांच्याकडे ते काम माणूस स्वतः करतो. मी खातो, मी चालतो, तसं मी... हे करतो.”

“म्हंजे चुकलं तं त्याच्याच अंगावर?” विमलाबाईंनी विचारलं.

कृष्णकांतने चहाचा कप खाली ठेवला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“बाबू,” विमलाबाई म्हणाल्या, “तू वहीत पाहून जेवत असशील ना रे?” आणि बाया खो-खो हसल्या. पायाशी झोपलेल्या मुनीमनेही शेपटी हलवून घेतली. मुनीम म्हणजे आवारातला तांबडा कुत्रा. दिवसभर काट्याशेजारी बसून प्रत्येक गाडीकडे संशयाने पाही, म्हणून हे नाव.

त्यानंतरच्या आठवड्यात थंडी कडाक्याची पडली. नदीकाठच्या गावांकडून गाड्या पहाटेच निघत आणि धुक्यातून येत. चंद्रभानजींना जबरदस्त सर्दी झाली. मुंडाशावरून मफलर, मफलरमध्ये ओव्याची पुरचुंडी, आणि आवाज असा की ‘मधली प्रत’ म्हटलं तर ‘बधली प्रत’ ऐकू येई. पण हात तसाच सपासप चालत होता. चार दिवसांत तिसरी गंजी उभी राहिली. शुक्रवारी ते नातवाचं जावळ काढायला गिरडला निघाले. दर्ग्याचा नवस होता, टेकडी चढून फेडायचा होता.

“तीन दिवसानं येतो,” निघताना ते म्हणाले. “हात घालजो बिनधास्त. पट्टी काढू नको.”

शनिवारी सकाळी सातला कृष्णकांत आवारात आला. रांग लागलेली होती, पण काटा आठला सुरू व्हायचा. तो नेहमीसारखा तिन्ही गंज्यांभोवती एक फेरी मारून आला, टेबलाशी बसला, आणि उठला. पुन्हा एक फेरी मारली. पुन्हा बसला. त्याला काहीतरी खटकत होतं. घरून निघताना कुलूप लावलं की नाही, असं वाटतं ना, तसं. त्याने खिशातली किल्ली पाहिली. किल्ली होती.

तिसऱ्या फेरीला त्याचे पाय तिसऱ्या गंजीशी आपोआप थांबले.

‘ही आतून तापते आहे,’ असं त्याच्या मनात आलं. तापल्यासारखी दिसते असं नाही, तापत असावी असंही नाही. सरळ, साधं, जसं समोर बैल उभा आहे हे कळावं तसं. आणि लगेच त्याच्यातला पदवीधर चवताळून उठला. कशावरून? धूर नाही, वास नाही. त्याने ताडपत्रीच्या कडेखाली हात घालून पाहिला; कडेचा कापूस थंडगार. होय, ओला कापूस दडपून ठेवला तर सरकी आतल्या आत श्वास घेते, उष्णता साठते, कापूस पिवळा पडतो, फार झालं तर पेटतोही. पण त्यासाठी कापूस ओला असावा लागतो. आणि या गंजीतली प्रत्येक गाडी चंद्रभानजींच्या हाताखालून गेली होती. पुड्या असत्या तर त्याने आकडा काढून दाखवला असता. पुड्या नव्हत्या.

तो तसाच बंडोपंतांकडे गेला.

“तिसरी गंजी फोडायला पाहिजे.”

बंडोपंतांनी रजिस्टरांच्या पलीकडून मान वर केली. “आज? बाहेर दोनशे गाड्या आहेत. विमलाबाईच्या सगळ्या बाया गंजी फोडायला लावल्या तर गाड्या कोण रिकाम्या करणार, तुम्ही?”

“आतून तापते आहे.”

“हात लावून पाहिलात?”

“पाहिला. गार आहे.”

“मग?”

“कडेला गार आहे.”

“वास?”

“नाही.”

“चंद्रभानजींनी काही सांगितलं होतं?”

“नाही. त्यांनीच पास केलाय तो माल.”

बंडोपंतांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. हे ते फार क्वचित करत. “कृष्णकांतराव, चाळीस वर्षं कापसात हात घातलेल्या माणसाचा माल तुम्ही फोडायचा म्हणता, अन् कशावरून ते सांगत नाही. सोमवारी ती गंजी तशीही जिनात जाणार आहे. दोन दिवस थांबा.”

“दोन दिवस थांबता येणार नाही,” कृष्णकांत म्हणाला, आणि हे वाक्य इतक्या ठामपणे आलं की त्याला स्वतःलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

बंडोपंतांनी टेबलावरचा ढीग उपसला. मग एक लांबट रजिस्टर पुढे सरकवलं. गंजी मुदतीआधी फोडायची झाली तर ग्रेडरने त्यात नोंद करायची, असा नियम होता. “लिहून द्या. मी अडवत नाही. पण आतून थंड निघाली, तर संक्रांतीला मला वेगळं काही लिहावं लागणार नाही. हेच पान वर पाठवीन.”

रकाने पाच होते: तारीख, गंजी क्रमांक, कारण, ग्रेडरचे नाव, सही. कृष्णकांतने तारीख घातली, क्रमांक घातला, आणि पेन ‘कारण’वर येऊन थांबलं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. ‘ओल जास्त’ लिहावं? मोजलेली नाही. ‘उष्णता आढळली’? आढळलेली नाही. ‘संशय’ लिहावं, तर तो संशय नव्हताच. त्याच्या डोळ्यांसमोर वहीतली ती कोरी ओळ आली, आणि विमलाबाईंचा प्रश्न: चुकलं तं त्याच्याच अंगावर? हो. त्याच्याच. त्याने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, “यो इंतूयो.” मग कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘कारण मागाहून कळवीन.’

आणि खाली सही केली.

बंडोपंतांनी ते दोनदा वाचलं. “छत्तीस साली जन्मलो,” ते म्हणाले, “सरकारी रकान्यात असं कधी वाचलं नाही.” पण त्यांनी खिडकीतून विमलाबाईंना हाक मारली.

विमलाबाई कमरेला पदर खोचून आल्या. “काऊन जी? कोनती गंजी? तिसरी? अजून तं चार दिस नाई झाले बिचारीले.” तरी बाया वर चढल्या. मुनीम गंजीच्या माथ्यावर अंगाचं वेटोळं करून झोपला होता. त्याला हुसकावून खाली उतरवावं लागलं, आणि तो जाताना सगळ्यांवर भुंकून गेला. ताडपत्री निघाली. वरचा हातभर कापूस पांढराशुभ्र. त्याखालचाही तसाच. अर्धा तास गेला. खाली गाडीवानांनी कुजबुज सुरू केली होती, एकाने तर मोठ्याने विचारलं, “साहेबाचं घड्याळ हरवलं का गंजीत?” कृष्णकांत खाली उभा राहून मनातल्या मनात सायकलची वाक्यं म्हणत होता. ती थांबत नाही, ती थांबत नाही.

छातीइतकं खोल गेल्यावर विमलाबाईंनी हात खाली घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

“अवं माय!” त्या ओरडल्या. “पोयते की वं!”

मग सगळं भराभर झालं. खालचा कापूस मूठ भरून वर आला तो पिवळसर, दमट. गार हवेत त्यातून भाकरीच्या तव्यासारखी वाफ निघाली. बायांनी साखळी करून टोपल्या फिरवल्या, आवारभर कापूस पातळ पसरला गेला. मघाशी घड्याळाची चौकशी करणारा गाडीवानच पहिला खाली उतरून टोपली धरायला आला. नंतर इतरही आले. दुपारपर्यंत आवार पांढरं झालं होतं, मध्ये एक पिवळा डाग. डाग गंजीच्या पाचव्या हिश्श्याएवढा असेल. सोमवारपर्यंत तो किती झाला असता, आणि तसा तो जिनात गेला असता तर काय झालं असतं, हे बंडोपंतांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “आता कारण?”

“मागाहून,” कृष्णकांत म्हणाला.

कारण त्याला संध्याकाळी सापडलं, तेही झोपलेल्या कुत्र्यापायी. मुनीम पहिल्या गंजीच्या पायथ्याशी, पोत्यावर, कुडकुडत पडला होता. कृष्णकांत त्याच्यावरून ओलांडून गेला, चार पावलं पुढे जाऊन थांबला, आणि कपाळावर हात मारून घेतला. गेल्या तीन सकाळी मुनीम तिसऱ्या गंजीवर झोपत होता. काट्याशी नाही, चुलाण्याशी नाही, बरोबर माथ्यावर! आणि सकाळच्या फेरीत पहिल्या दोन गंज्यांच्या ताडपत्र्यांवर दव चमकत होतं. तिसरीची कोरडी होती. हे सगळं त्याने पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. फक्त वहीत घेतलं नव्हतं. म्हणजे कारण नव्हतंच असं नाही; ते होतं, फक्त त्याच्या आधी कळणं येऊन पोचलं होतं. स्पेनचं कार्ड एकोणचाळीस दिवसांनी येतं म्हणून ते एकोणचाळीस दिवस स्पेन नसतो, असं थोडंच आहे?

या शोधाने तो इतका खूश झाला की रविवारी आपल्या जुन्या वह्या काढून बसला. राहिलेला प्रश्न वेगळा होता: चंद्रभानजींच्या हातातून ओला माल निसटला कसा? पुड्यांच्या दीड महिन्यात त्यांचा ओलीचा अंदाज एकदाही चुकलेला नव्हता. मग त्याच चार दिवसांत काय बदललं? हात तोच. डोळे तेच. नवी होती ती फक्त सर्दी.

सोमवारी चंद्रभानजी गिरडहून आले. डोकं तुळतुळीत नातवाचं, आनंद आजोबांचा. रेवड्यांचा प्रसाद वाटत ते आवारात शिरले आणि पसरलेला पिवळा कापूस पाहून जागीच थांबले. विमलाबाईंनी सगळी हकिकत सांगितली, तीही त्यांच्या आवाजात, म्हणजे रस्त्यापर्यंत. चंद्रभानजी खाली वाकले. पिवळा कापूस मुठीत घेतला, दाबला, सोडला.

“हात गेला माहा,” ते हळूच म्हणाले. “आता घरी बसलं पाह्यजे.”

“हात कुठे गेला?” कृष्णकांत म्हणाला. “सर्दी गेली का, ते सांगा.”

“गेली. टेकडी चढता चढता मोकळं झालं.”

“मग पाच मिनिटं द्या मला.”

त्याने पाच पोत्यांतून पाच मुठी आणल्या. त्यातल्या दोन पोत्यांतल्या कापसावर त्याने आदल्या रात्रीच गुपचूप पाणी शिंपडून तोंडं बांधून ठेवली होती. विमलाबाईंचा रुमाल घेऊन त्याने चंद्रभानजींचं नाक घट्ट बांधलं. बाया हातातलं काम टाकून गोळा झाल्या. चंद्रभानजींनी एकेक मूठ घेतली. वाण, पाचही बरोबर. धागा, पाचही बरोबर. ओल विचारली तर म्हणाले, “सगळाच कोरडा हाय.”

कृष्णकांतने रुमाल सोडला. चंद्रभानजींनी सवयीने पुन्हा मूठ चेहऱ्याशी नेली, बारीक डोळ्यांनी पाहिलं, आणि दचकले. “हे दोन ओले.” मग त्यांनी डोळे मिटले आणि मूठ पुन्हा नाकाशी धरली. उघड्या डोळ्यांनी जे चाळीस वर्षं पाहिलं असं त्यांना वाटत होतं, ते ते हुंगत होते.

“अरे देवा!” ते म्हणाले. “काम करे नाक, अन् नाव होये हाताचं!”

“हातानं पण केलं,” कृष्णकांत प्रामाणिकपणे म्हणाला. “धाग्याचं सगळं हाताचं आहे. ओलीचं तेवढं नाकाचं.”

“तुमचं तं घरातल्यासारखं झालं, चंद्रभानजी,” विमलाबाई म्हणाल्या. “करते बाई, अन् नाव बुवाचं.” यावर जो हशा पिकला त्यात चंद्रभानजीही सापडले, आणि मग घरी बसण्याची गोष्ट निघाली नाही.

त्या संध्याकाळी कृष्णकांतने बंडोपंतांपुढे रजिस्टर उघडून कारणाच्या रकान्यात उरलेल्या जागेत लिहिलं: ‘आवारातील कुत्रा सलग तीन दिवस सदर गंजीवर झोपत होता. तसेच सदर ताडपत्रीवर दव नव्हते.’ सर्दीचा उल्लेख त्याने केला नाही. तेही खरं होतं, पण प्रत्येक खरं वाक्य लिहिलंच पाहिजे असं प्रयोगशाळेत कोणी शिकवलेलं नव्हतं.

“कुत्रा?” बंडोपंत म्हणाले. “हे मी वर पाठवू? तपासणीवाले म्हणतील, मग कुत्र्यालाच कायम करा.”

“त्याचं नाव मुनीम आहे म्हणून लिहू का?”

“नको,” बंडोपंत घाईने म्हणाले. “असू द्या तसंच.”

मकर संक्रांतीला घरोघर तिळगूळ वाटून झाला आणि दुसऱ्या दिवशी अहवाल तयार झाला. बंडोपंतांनी तो पाकिटात घालण्याआधी कृष्णकांतला बोलावून त्याच्यापुढे धरला. शिकाऊ उमेदवार: कृष्णकांत. शिफारस: कायम करावे. शेजारी ‘शिफारशीचे कारण’ असा एक रकाना होता. त्यात बंडोपंतांच्या गोलमटोल अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मागाहून कळवीन.’

“साहेब, हे वर चालेल?”

“नाही चालणार. परत येईल, मी दुसरं लिहीन,” बंडोपंत म्हणाले. “पण एकदा लिहून पाहावंसं वाटलं.”

कृष्णकांत खोलीवर आला. त्याने अण्णाजींना कार्ड लिहिलं, ‘संक्रांत झाली. ठीक झाली.’ मग स्पॅनिशची वही उघडली. पहिल्या वाक्यात त्याने दुरुस्ती केली, ‘चंद्रभानजींना आतून कळतं, नाकाने.’ आईचं वाक्य तसंच ठेवलं. कोऱ्या ओळीवर त्याने लिहिलं, ‘मला आतून कळलं की कापूस तापतो आहे.’ कापसाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते पुस्तिकेत होतं. गंजीला काय म्हणतात ते नव्हतं, म्हणून त्याने ती सोडून दिली. वाक्य पुन्हा वाचलं. एकही अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पेनच्या पाकिटावर तिकिटं चिकटवून त्याने ते रोहण्याच्या पोस्टात टाकलं, आणि सवयीने वहीत तारीख घातली. परतताना आवारात शिरला तेव्हा रांग पुलापर्यंत गेलेली होती आणि चंद्रभानजी गाडीशी उभे राहून, मूठ नाकाशी धरून, डोळे चक्क मिटून, सगळ्यांदेखत दीर्घ श्वास घेत होते.

“काऊन रे, काय पाहून राह्यला?” ते ओरडले. “घे, दुसऱ्या गाडीत हात घाल. अन् नाक बी.”